गाडीचा कॉक बंद होता

३ फेब्रु.
यांच्या फटफटीवरची ताडपत्री काढली आज. पूर्णेच्या पुरात हे गेले तवापासून शेळ्यांच्या कोठ्यात उभी. रामभाऊ दिरानं गिऱ्हाईक धरलंय, औरंगाबादचं. जुन्या गाड्या जमवतो म्हणे. नेऊ दे. करडं वाढून राह्यली, जागा न्हाई.

५ फेब्रु.
आलं ते गिऱ्हाईक, चष्मेवाला. मलाच शिकवून राह्यला. शंभर सीसी, टू-स्ट्रोक, बॅटरी न्हाई, दिवा मॅग्नेटवर, खाचाचे टायर. सायलेन्सर वर, सीटापाशी. माझ्या पोटरीवर डाग हाये त्या सायलेन्सरचा. नवी नवरी होते. हे हसले, "डोंगराची गाडी हाये, पाय सांभाळून बसायचं."

मंग त्यानं टाकीखालचा कॉक फिरवला. फिरंना. म्हणला, "मावशी, बंद करून ठेवल्याला, तसाच जाम झालाय."

मी ठेवला न्हाई. हात कुणी लावला गाडीला?

६ फेब्रु.
कॉक बंद असला तं पेट्रोल येत न्हाई. गाडी थोडी जाती, बंद पडती. हे गाडी उभी केली की कॉक बंद करायचे, पान खायला उतरले तरी. सगळे म्हणले पुलावरून गाडीसकट वाहून गेले. गाडी खाली बाभळीला अडकल्याली सापडली, हे न्हाई. वाहून जाणारा माणूस कॉक बंद करतो का?
म्हंजे गाडी उभी केल्ती. उतरल्ते. मंग कुठं

७ फेब्रु.
भाकरी टाकताना ऑइलच्या धुराचा वास. त्याच गाडीचा. बाहेर पळाले. रस्ता मोकळा. कोठ्यात शेळ्या समद्या गाडीकडं तोंड करून उभ्या.
तव्यावरची भाकरी जळाली.

९ फेब्रु.
रामभाऊला धरलं. गाडी ट्रॅक्टरवर घालून त्यानंच आणल्ती. कॉक तुम्ही बंद केला का म्हणलं. आधी म्हणला ध्यानात न्हाई. मंग म्हणला केला असंल, पेट्रोल गळत असंल. म्हणलं असंल-बिसंल नको, बराबर सांगा.
"वैनी, कणकेचा पुतळा जाळून दहावं केलं आपण. आता इचारून काय करता?"
वर बघितलं न्हाई त्यानं. चहा तसाच टाकून गेला.

११ फेब्रु.
चष्मेवाल्याचा फोन. उद्या टेम्पो आणतो म्हणला. न्हाई म्हणले. भाव वाढवाया लागला. फोन कापला.
करडं ओसरीत बांधली. कॉक हाये तसाच ठेवला.
फळीवरून कुंकवाचा करंडा काढला. कुंकू वाळून खडा झालाय. पाण्याचं बोट लावलं तं भिजंल.
लावलं न्हाई अजून.