उन्हाला सरावणारं झाड

४ मार्च
आजपासून नर्सरीत कामाला. वरची खोलीही मिळाली. कॉलेज सोडलं म्हणून आईनं अबोला धरलाय, धरू दे. जिच्यासाठी आलो, ती इथेच कामाला आहे. माझ्यासाठी शब्दही तिनंच टाकला. इथली रीत अशी की नव्या माणसानं आल्या दिवशी एक झाड हातात घ्यायचं. मग ते त्याचंच. तिनं मला स्वतःचं दिलं! जाड, गुबगुबीत पानं, काठाला बारीक दाते. नाव कुणालाच सांगता येईना. मालकीणबाई म्हणाल्या, असेल कोरफडीची मावसबहीण. सगळे हसले, ती नाही. ती खिडकीपासून लांब, पूर्ण बाह्यांत. ऊन बाधतं म्हणे.

६ मार्च
ओळख पटावी म्हणून पान मोडलं. पांढरा चीक नाही, म्हणजे शेराचं झाड नव्हे. आतलं पाणी कोमट होतं, अंगासारखं. तिनं बजावलंय, सावलीतलं झाड आहे, रोज अर्धाच तास ऊन दे, मग वाढव, नाहीतर भाजेल.

९ मार्च
ती म्हणाली, लवकर सरावलं तर बरं. मग काय! एकदम चार तास गच्चीवर ठेवलं. पानावर डागसुद्धा नाही. माझ्या पाठीवर मात्र फोड. मी तर दिवसभर शेडमध्ये होतो.

११ मार्च
तासभर ठेवलं. माझी मान सोलली. ती आज उन्हात उभी होती, उघड्या हातांनी. इतकी छान दिसत होती की विचारायचंच राहिलं.

१२ मार्च
विचारलं. तिनं सगळं सांगितलं. ऊन झाड खातं, भाजतो झाडवाला. आधीच्या माळ्यानं तिच्या गळ्यात असंच घातलं होतं आणि तो पळून गेला. झाडाचा अख्खा दिवस उन्हात गेला की झाडवाला संपतो, मागचा कायमचा सुटतो. तोवर ते मागच्याला परत देता येतं. हौसेनं घेणारा कुणीतरी हवा होता — मी भेटलो.
भांडलो. कुंडी फोडायला उचलली, पण ती रडली.

१३ मार्च
परत देणार नाही. झाड कपाटात, कुलपात. मी जन्मभर सावलीत राहीन, ती उन्हात फिरू दे. तिला तसं सांगितलं. विश्वास म्हणून किल्लीही दिली. तिनं माझा हात धरला. पहिल्यांदाच.

१४ मार्च
कपाट उघडं. कुंडी नाही.
खोलीला बाहेरून कडी —
गच्चीवर तिची पावलं. वरूनच सांगतेय, मी झाड कधीतरी तिला परत दिलं असतंच, तिला माझा भरवसा नाही, म्हणून. रडू नकोस म्हणते. एकच दिवस —
बोटांचं कातडं वहीला
दहाच वाजलेत. ऊन अजून डोक्यावर यायचं