ओल्या टॉवेलचा मंत्र

प्रिय वनमाला,

धाकट्या बहिणीला 'चिरंजीव' लिहायची सवय. तू गेल्यावर ते शोभत नाही.

तुझी अक्षता गोरेगावला एका मालिकेत चेटकीण झाली आहे. मामाच्या संस्कृतचंही अखेर चीज झालं, मंत्र मी लिहितो. कालच्या भागात पोरक्या चेटकिणींना मेलेली आई परत बोलवायची होती. तू गेल्यापासून ही ना रडली, ना तिनं तुझं नाव काढलं. मला धास्ती त्याचीच होती.

मालिकेत पाठांतराला वेळ नसतो. मी कॅमेऱ्यामागून सांगायचं, तिनं म्हणायचं. मी गंभीरपणे सांगितलं, "शय्यायाम् आर्द्रवस्त्रं मा स्थापय, अलसे!" तुझंच रोजचं गं: पलंगावर ओला टॉवेल टाकू नकोस, आळशे!

माझीच विद्यार्थिनी ती. अर्ध्यात फिसकन हसली, मग अशी रडली की बाकीच्या चेटकिणीही ग्लिसरीनवाचून रडू लागल्या. दिग्दर्शक म्हणाला, "झकास!"

घरी येताना रिक्षात नाक पुसत म्हणाली, "मामा, आई अजून काय काय ओरडायची, सांग ना."

मुलुंड आलं, तरी तुझं निम्मं वाङ्मय शिल्लक होतं.

पत्त्याअभावी हे पत्र स्वतःकडेच ठेवणारा,
तुझा दादा