नेड्राच्या वर्गाचा आकडा

रोअरिंग क्रीक, व्हर्जिनिया
५ सप्टेंबर

चि. सौ. नेड्रा हिस ओलेटाताईचे अ. उ. आ.

पत्रास कारण तुझ्या सासूबाई. त्यांनी तुमच्या गावचं वर्तमानपत्र धाडलंय, तुझ्या शाळेच्या नावाखाली लाल रेघ ओढून. वर लिहिलंय, सहज पाठवते. कसलं सहज! राज्याची परीक्षा, पाचवीचं गणित : गेल्या वर्षी शंभरात पंच्याऐंशी पास, यंदा पासष्ट. आणि पाचवीला गणित शिकवतं कोण, तर तू.

वर्षभर झोपा काढल्यास का गं? हे तुझं तिसरं वर्ष. ते नीट गेलं तर नोकरी कायम, नाहीतर हातात नारळ, हे तूच मला सांगितलं होतंस. लाकडाच्या गिरणीत लॉईडची पाठ मोडल्यापासून घरात कमावणारी तू एकटी. नवरा अंथरुणात, लेक शाळेत, आणि बाईसाहेब पोरांना नापास करतायत.

फोन करत नाही. फोनवर तू रडतेस, मग मला राग येतो. काय ते लिही. सहावीत शाळा सोडलेल्या बाईला कळेल असं लिही.

लोभ आहे, पण उत्तर उशिरा आलं तर आटेल.

ओलेटा


टायलर्स फेरी
१२ सप्टेंबर

ती. ओलेटाताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. रडले नाही, हसले. मग थोडी रडले.

ताई, ज्या वर्षाचा आकडा पासष्ट आला, त्या वर्षी पाचवीत चाळीस मुलं होती. त्यातली चौदा गणितात इतकी पुढे, की त्यांना सहावीचं गणित द्या असं मीच पहिल्यांदा म्हटलं, आधी कुणी वर जात नव्हतं. ती वरच्या गणिताला गेली, त्यांनी पेपरही सहावीचा दिला आणि चौदाच्या चौदा पास झाली. पण ती मोजली जातात सहावीच्या पेपरात. पाचवीच्या रकान्यात उरली माझी सव्वीस, त्यातली सतरा पास. वर्तमानपत्रानं छापलं ते एवढंच.

याच सव्वीसातली चौथीत फक्त बारा पास होती, हे कुणी छापत नाही. डेल्बर्ट म्हणून एक पोर आहे. चौथीत भिंतीला टेकून बसायचा. भराभर हात वर करणारी गेली, तेव्हा याचा हात पहिल्यांदा वर आला. उत्तर चुकलं, पण हात वर आला गं.

आता नवे मुख्याध्यापक प्रुएट म्हणतात, यंदा वर जाण्याजोगी अठरा असली तरी आठ खालीच ठेवा, म्हणजे पाचवीचा आकडा सावरेल. नाही ठेवलीत तर तुम्हाला कायम करा असं मी लिहू शकणार नाही, असं अगदी गोड आवाजात म्हणाले. शुक्रवारी नावं द्यायची आहेत. काय करू?

लॉईड आता काठीनं अंगणापर्यंत जातो. भाओजींना नमस्कार. रागावलीस तरी दूर करू नकोस.

तुझी नेड्रा


रोअरिंग क्रीक
१५ सप्टेंबर

चि. नेड्रास अ. उ. आ.

कळलं. दोनदा वाचावं लागलं, पण कळलं. आधीच्या पत्रातलं झोपेचं मागे घेते. बाकीचं तसंच राहू दे.

आता ताई म्हणून सांगते. ठेव आठ पोरं खाली. एका वर्षानं काय आभाळ कोसळतंय? गणित कुठं पळून जात नाही, नोकरी जाते.

हे मी मोठ्यानं बोलले, तर ड्वेन, तुझा भाओजी, मध्येच बोलला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. म्हणे, हायस्कूलच्या कोचनं तयार पोरं वरच्या संघात धाडली आणि खालचा संघ हरला, तर कोचला हाकलायचं का? मी म्हटलं, कोचची बायको कमावते, हिचा नवरा काठीवर आहे, तू आपली घेवड्याची उसळ गीळ. गिळली. पण ताटावरून उठताना पुटपुटला, की त्या आठ पोरांनी काय पाप केलंय.

रात्री मला तेच सलत राहिलं. असो. तू ऐकणार नाहीस, मला माहीत आहे. आईसारखी हट्टी आहेस. काय केलंस ते ताबडतोब कळव.

माया आहे म्हणून बोलते, परकी असतीस तर गप्प बसले असते.

ओलेटा


टायलर्स फेरी
२० एप्रिल

ती. ओलेटाताईस शि. सा. न.

मधल्या पत्रांत नुसती काळजीच लिहिली, आज बातमी लिहिते.

अठरा नावं दिली होती, हे तुला ठाऊकच आहे. प्रुएट साहेबांनी खरंच माझ्यासाठी लिहिलं नाही. काल शाळा मंडळासमोर उभी राहिले. चाळिसांचं सगळं सांगितलं. कोण वर गेलं, कोण राहिलं, राहिलेले आधी कुठं होते. साहेब म्हणाले की लोक एकच आकडा बघतात, त्याला मी काय करणार. तेव्हा मंडळातले मिस्टर ओव्हर्बी, भुईमूग पिकवणारे, खुर्चीतल्या खुर्चीत वळले. म्हणाले, म्हणजे बाईंनी पोरं पुढे नेली म्हणून आपण बाईंना मागे ढकलायचं, असंच ना प्रुएट? साहेब चष्मा पुसायला लागले. मग पाचातल्या चौघांनी हात वर केले.

ताई, मी कायम झाले. यापुढे वरच्या गणिताची मुलं पाचवीच्या आकड्याशेजारीच छापायची, असंही ठरलं.

एक गोष्ट आताच सांगते, नंतर ओरडू नकोस. अठरा गेल्यानं यंदाचा आकडा आणखी पडणार आहे. आणि चौथीच्या बाई म्हणतात, पुढच्या वर्षी वर जाणारी वीस आहेत.

आशीर्वाद असू दे, तो आता पुरवून वापरीन.

तुझी नेड्रा


रोअरिंग क्रीक
२४ एप्रिल

चि. नेड्रास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि पायरीवर बसले, ती उठलेच नाही. ड्वेन धावत आला, त्याला वाटलं कुणी तरी गेलं. मी म्हटलं, कुणी गेलं नाही, नेड्रा राहिली. तर तोही बसला. चुलीवर पाव करपला, तो दोघांनी तसाच खाल्ला. गोड लागला.

आकडा पडतोय तर पडू दे. सात महिन्यांनी आज पोटभर झोपेन. लॉईडला म्हणावं, काठी टाकायची घाई नको.

लोभ काही वाढवायला नको आता, आहे तोच आवरेना.

तुझी ताई
ओलेटा