कालव्याचं अस्तर

३ मार्च १९७१
आलो एकदाचे! कालव्याच्या काठी दोन खोल्यांचं पक्कं घर, दारासमोर पाणी. बायको म्हणाली, नळावर भांडायचं सुख तेवढं गेलं. नोकरी अस्तर-मिस्त्रीची, म्हणजे कालव्याचे गळके सांधे बुजवायचे. कारकुनानं चेष्टेत सांगितलं, हा कालवा मिस्त्र्यांच्या बायकांना लाभत नाही. मी म्हटलं, माझी कालव्यालाही पुरून उरेल.

१० मार्च
पाणी बंद, काम सुरू. सांध्यातला जुना काळा लेप तारेच्या ब्रशनं खरवडायचा, नवा भरायचा. डांबरात पोत्यातली अ‍ॅस्बेस्टॉसची भुकटी मळतो, कापसासारखी मऊ असते. संध्याकाळी पांढराफटक होऊन घरी जातो. बायको रोज कपडे झटकून धुते. म्हणते, गिरणीवाल्याशी लग्न केलं असतं तर निदान पीठ तरी मिळालं असतं.

२४ मार्च
धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडून खरवडलं. चार दिवसांत लेप सुटला. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, ओल्यावर लेप धरत नाही एवढंही कळत नाही? शरमेनं मान वर करवेना. यापुढे कोरडंच खरवडणार. माझा सांधा पुन्हा गळणार नाही.

८ जून १९९८
ही वही ट्रंकेत सापडली. सत्तावीस वर्षांत माझा एकही सांधा गळला नाही. साहेबांनी दोनदा शाबासकी दिली. बायकोला हल्ली दम लागतो. उद्या दवाखान्यात नेतो.

२ जुलै
तिच्या छातीत पाणी झालंय. डॉक्टरांनी तिला विचारलं, काम काय करायचात? म्हणाली, काम कसलं, घरीच असते. मग मला विचारलं. मी ऐटीत सांगितलं. ते लिहायचे थांबले. कपडे कोण धुतं, म्हणाले.

५ जुलै
माझ्या आधीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याची बायको अशीच गेली. कालव्याच्या खालच्या टप्प्यावरच्या मिस्त्रीचीही. कारकुनाची आहे, धडधाकट. साहेबांचीही आहे. त्यांच्या कपड्यांना कधी धूळ —

११ जुलै
छातीतलं पाणी काढलं होतं, पुन्हा भरलं. तीनच दिवसांत. सगळ्या कालव्याचे सांधे बुजवले मी, आणि हे —

१४ जुलै
माझ्या कपड्यांवरची धूळ तिच्या छातीत गेली, हे तिला अजून सांगितलेलं नाही. जळो ती शाबासकी. ओलं खरवडलं असतं — लेप सुटला असता, सुटू दे —

१५ जुलै
आज सांगायचंच. जवळ बसलो. तिनंच हात धरला. म्हणाली, जन्मभर धुळीत राबलात, तुम्हाला काही झालं नाही, देव पावला. मी म्हटलं, अगं, ती धूळ — वही ओढली. आता विचारतेय, एवढं काय लिहिताय, वाचून तरी दाखवा. मी —