राजाची लाथ

३ जून

प्रिय भिंगरी,
अ. उ. आ.

आप्पांच्या मेजाशी आपण दोघी दोऱ्यांना मेण लावत बसायचो, आठवतं का गं? तू लाडकी, त्यांच्या बाकावर त्यांना रेलून. मी समोर, हनुवटी मेजावर टेकवून. भिजवलेल्या कागदाचा वास, खिडकीत वाळणारे मुखवटे, आणि माझ्या वेणीला तू हळूच चिकटवलेला मेणाचा गोळा. सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी भर वर्गात वेणीचं टोक कापलं. मी अजून माफ केलेलं नाही.

तू पाठवलेला राजाचा बाहुला नीट पोचला. चाळीस वर्षं तुझ्या कपाटात राहून एक दोरी तुटलेली नाही. मी शिकवते त्या बाहुली केंद्रातल्या बाकी सगळ्या बाहुल्यांच्या, नाचवणाऱ्याने धरायच्या फळ्या आणि दोऱ्या मी केव्हाच नव्याने बांधल्या. आप्पांच्या हातचा जसाच्या तसा हाच एक. म्हणून केंद्राच्या वर्धापनदिनी याला मीच नाचवायचं ठरलं.

तालमीत माझी पार फजिती झाली. राजाचा हात वर करायला गेले, तर त्याने पाय उचलून प्रधानाला लाथ मारली. पुन्हा केलं, पुन्हा लाथ. मान डोलवायला गेले, तर कंबरेत वाकला. मुलं खो खो हसली. आपली ठेंगणी, माझ्याच हाताखाली शिकलेली, आता केंद्राची संचालिका आहे ना, तिने मला बाजूला बसवून पाणी दिलं आणि म्हणाली, बाई, यापुढे वर्ग मी बघते, तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवून या. आदल्याच दिवशी माझा चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता, ते मी तिला सांगितलं नाही.

मला काही कळेनासं झालंय. बोटं माझीच, मग ऐकत का नाहीत? डोकं चाललंय का माझं? वर्ग गेला तर सकाळी उठून मी जाऊ कुठे? खरं ते सांग. गोड बोलू नकोस.

तुझी,
ताई

१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मेण तू स्वतःच लावून घेतलं होतंस. पण ते जाऊ दे.

तुझं पत्र वाचून आधी रडले. मग फूटपट्टी फळीसारखी डाव्या हातात धरली आणि उजव्याने हवेतच दोऱ्या ओढत बसले. हे म्हणाले, हे कसलं खूळ? तेव्हा लक्षात आलं. आप्पा असंच धरायचे, मीही असंच धरते. तू मात्र फळी उजव्या हातात धरतेस! अगं, तू समोर बसायचीस. आरशात बघितल्यासारखी शिकलीस. तुझ्या फळीवर दोऱ्यांचा क्रमही उलटा, म्हणून आप्पांच्या राजाच्या हाताची दोरी ओढायला जातेस आणि पायाची ओढली जाते. मला वाटायचं, तुला हे ठाऊकच आहे.

आई एकदा म्हणाली होती, अहो, थोरली उलटं धरते, सांगा तिला. आप्पा म्हणाले, राहू दे, धाकटी माझे हात बघून शिकते, ही माझं तोंड बघून शिकते. मला तेव्हा तुझा इतका राग आला होता! मेणाचा गोळा त्याच दुपारचा. घे, केलं कबूल.

माझाही चष्मा परवा पिठाच्या डब्यात निघाला. डॉक्टरांकडे जाऊन ये, पण त्याआधी राजा ठेंगणीच्या हातात दे.

तुझीच, कबुली दिल्याने हलकी झालेली,
भिंगरी

१९ जून

प्रिय भिंगरी,
अ. उ. आ.

दिला. तिने मोठ्या ऐटीत दोरी ओढली आणि प्रधानाला अशी लाथ बसली की त्याचं नाक उडालं. मग केंद्रातल्या एकेकाने हात आजमावला. सगळ्यांच्या लाथा! तीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेलं प्रत्येक माणूस उलटं, आणि कुणाला पत्ता नाही. ठेंगणी जमिनीवर बसून हसता हसता रडायला लागली. वर्ग माझा मलाच परत दिला. प्रधानाच्या नाकाला कागदाचा लगदा लावून उन्हात ठेवलंय.

डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. 'वयाच्या मानाने' नसतं म्हटलं तरी चाललं असतं.

एक मात्र अजून उमगत नाही. आप्पांनी पाहिलं आणि बोलले नाहीत, याचा आनंद मानू की भांडू त्यांच्याशी? सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. तुला काय वाटतं, ते सवडीने लिही. मायेत कमीजास्त करू नकोस, आहे ती पुरते.

तुझी,
ताई

ता. क. डोकं ठिकाणावर आहे असं लेखी मिळालंय, तोवर हे लिहून ठेवते. माझ्यामागे राजा तुझा. त्याच्या दोऱ्यांना कुणी हात लावायचा नाही. बाकीच्या बाहुल्या उलट्या दोऱ्यांसकट ठेंगणीच्या. वाघाचा मुखवटा केंद्राच्या रखवालदाराला, त्याच्याच नाकाला तो बसतो. मेणाचा डबा तुला, वेणी नसलेल्या कुणाजवळ तरी ठेव. आप्पांचा बाक वर्गात राहू दे. आणि समोरची माझी खुर्ची कुणालाच देऊ नका, मेजाच्या त्याच बाजूला असू दे. तोंड बघून शिकणारी एखादी येईल, तिची ती.