दातांमधली फट

१२ जानेवारी, सोमवार

वरचे पुढचे सहा दात आज घासून बारीक करून घेतले. ऑफिसात अर्धी रजा. कारण: वैयक्तिक.

डॉक्टर म्हणाली, "मैम, देखेंगी?" नको म्हणेपर्यंत आरसा समोर. बारके, खरबरीत, चकाकी गेलेले. आता पुन्हा पूर्वीसारखे होणार नाहीत. हे आधी सांगितलं होतं, सहीही घेतली होती. वर तात्पुरत्या टोप्या बसवल्या. खरे व्हेनिअर, दातांवर कायमची चिकटवायची पातळ आवरणं, लॅबमधून पुढच्या आठवड्यात.

गुरुग्रामच्या क्लिनिकपासून घरापर्यंत मास्क. गाझियाबादच्या या हवेत मास्कचं कुणाला काही वाटत नाही. मीराला सांगितलं, रूट कॅनाल. संदीपला खरं माहीत आहे. म्हणाला, "चौदा वर्षांची मुलगी आहे आपली. आंधळी नाही."

१३ जानेवारी

वेगळी जेवले. दात दुखतोय म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गातली पोरं मीराला 'खिड़की' म्हणायला लागली. रडत आली. माझ्या पुढच्या दातांतली फट जशीच्या तशी तिच्याकडे. "भरून घेऊ या ना," म्हणाली. मी नाही म्हटलं. तेवढ्यावर थांबले असते तर. पुढेही बोलले. लोकांसाठी चेहरा बदलायचा नसतो. माझ्याकडे बघ. मी कधी लपवली का.

तिने ऐकलं. हिवाळी सहलीच्या फोटोत तोंडभर हसली आहे.

त्यानंतर ऑफिसने नव्या लोकांसाठी व्हिडिओ काढला. मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर मी बोलत होते. कुणी काही म्हणालं नाही. मीच बघितलं. त्याच दुपारी क्लिनिकला फोन.

१७ जानेवारी, शनिवार

जोशीकाकूंकडे हळदीकुंकू. टाळता येण्यासारखं नव्हतं, खालच्याच मजल्यावर राहतात. मीरा मदतीला म्हणून बरोबर.

काकू म्हणाल्या, "तोंड बांधून तिळगूळ कसा खाणार गं? काढ ते."

काढला. वडी कडक होती. चावली आणि एक टोपी सुटून तळहातावर. सगळ्या बघत होत्या.

"माझ्या वडीवर आळ घेऊ नका हं," काकू. हशा.

मीराने पेपर नॅपकिन घेतला, टोपी माझ्या हातातून उचलली, गुंडाळली. "आईचं रूट कॅनाल चालू आहे ना, काकू. टेम्पररी कॅप आहे ती." आणि अत्तरदाणी घेऊन पुढच्या बाईकडे गेली.

लिफ्टमध्ये दोघीच.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारीच. तू जांभई दिलीस. फट नव्हती."

"बोलली नाहीस."

"तू रूट कॅनाल म्हणालीस ना."

माझं खोटं तिने माझ्यापेक्षा नीट सांगितलं. चारचौघांत. मला वाचवायला.

१९ जानेवारी

टोपी परत बसवून आले. डॉक्टरला विचारलं, नव्या दातांत मधली फट तशीच ठेवता येईल का.

"रख सकते हैं। लैब को आज ही बोलना पड़ेगा। पर मैम, लोग तो बंद कराने आते हैं।"

संध्याकाळी कळवते म्हणाले. घरी येऊन मीराला सांगितलं, फट ठेवायची म्हणते आहे. तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. काहीतरी मिळेल अशी वाट बघत. त्याचीही लाज वाटली, पण नंतर.

"म्हणजे नकली गॅप?" ती गणित करत होती. "यार आई. माझ्यासाठी नको करूस."

डॉक्टरला फोन केला नाही.

२४ जानेवारी, शनिवार

व्हेनिअर बसले. सरळ, पांढरे, मध्ये काही नाही. जिभेला अजून ओळख पटत नाही.

मीरा आपणहून बरोबर आली होती. बघून म्हणाली, "छान दिसतायत." टोमणा असेल म्हणून नीट बघितलं. नव्हता. "खरंच छान, आई."

मग डॉक्टरला: "मेरे भी हो जाएँगे?"

"अठारह के बाद, बेटा। मम्मी से पूछ लेना।"

कॅबमध्ये ती फोनचा कॅमेरा उघडून स्वतःला बघत होती. फटीवर बोट ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची. मी शेजारी. काही बोलायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर हेच दात दिसले असते.

२५ जानेवारी, रविवार

नाश्त्याला पोहे. संदीप म्हणाला, "हस बघू." हसले नाही.

मीरा म्हणाली, "अठरानंतर तू हो म्हणशील ना?"

आरशात काय दिसलं होतं ते सांगायला हवं होतं. ते दात आतमध्ये आहेत, तसेच, आणि जन्मभर झाकून ठेवावे लागणार आहेत, हे. कुठल्या तोंडाने.

"तेव्हा बघू," म्हणाले.

ती चमचा हातात धरून थांबली.

"आधी तू सरळ नाही म्हणायचीस."

हे ती रागाने म्हणाली नाही. बशी सिंकमध्ये ठेवली, खोलीत गेली. तिला 'हो' ऐकायचं होतं की 'नाही', मला कळत नाही. दार तिने लावलेलं नाही. इथून तिची पाठ दिसते आहे.

मी अजून उठलेले नाही.