शेगडीच्या वर सहाशे मिलिमीटर

९ मे, शुक्रवार

भिंत फोडली! म्हणजे घरमालकीण मर्ल म्हणाली, "जरा टोकरून बघ," आणि मी टोकरलं, तर अर्धा गिलावा माझ्या डोक्यावर. जुनी फायरप्लेस आतून पार खिळखिळी. वाकून वर पाहिलं तर धुराड्यातून आकाश दिसलं.

काम असं — फायरप्लेसच्या जागी लोखंडी शेगडी बसवायची, धुराचा पाइप छपरातून वर काढायचा, मागची भिंत आणि पुढची फरशी नीट करायची. बदल्यात मागची खोली आणि जेवण. सफरचंदांची तोडणी संपली, बाकीचे सगळे जहाजाने परत गेले, मी राहिले. मी क्वीन्सलंडची. आमच्याकडे घरातली उष्णता बाहेर कशी घालवायची एवढाच प्रश्न असतो. अख्ख्या टास्मानियात शेगडी बसवायला मर्लला नेमकी मीच सापडले!

पण मर्लला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. वय एकोणऐंशी. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनिया होऊन तीन आठवडे इस्पितळात होती. मुलगी ग्लेंडा मेलबर्नला. रोज संध्याकाळी फोन, आणि रोज तेच — "आई, जूनच्या लाँग वीकेंडपर्यंत, थंडी वाढायच्या आत, शेगडी हवी आणि परवानावाल्याची सही हवी. नाहीतर तू इकडे. वृद्धनिवासात खोली बघून ठेवलीय."

मर्लने फोन ठेवला. "तिथे भिंतीत खिळा मारायला अर्ज करावा लागतो. मरायचंच तर स्वतःच्या थंडीत मरेन."

११ मे, रविवार

गिलाव्यामागे लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर वर्तमानपत्रांचे थर. वारा येऊ नये म्हणून पूर्वी चिकटवत. खरवडून काढायला बसले. वाचत बसले. कुणाची तरी पांढरी शेळी हरवली होती, एक शिंग तुटलेली, आणून देणाऱ्यास जॅमच्या सहा बाटल्या. दुपार गेली.

मर्ल — "किती झालं?"

मी — "एकोणीसशे त्रेपन्नपर्यंत."

१४ मे, बुधवार

पाऊस. काम शून्य. शेळी सापडली की नाही ते पुढच्या अंकांत नाही.

१७ मे, शनिवार

नेव आला. खोऱ्यात शेगड्या तपासायचा परवाना असलेला हा एकच. मर्लच्या वर्गातला, म्हणजे तोही ऐंशीच्या घरात, एका कानाने बहिरा — कुठल्या, ते सोयीप्रमाणे बदलतं. सही त्याची लागणार.

मी पाइप नुसते जोडून उभे करून ठेवले होते. सरळ, चकचकीत. चहा ओतून वाटच बघत होते कौतुकाची.

नेवने एकदा वर पाहिलं. "पोरी, उलटं आहे."

"काय उलटं?"

"सगळंच! वरच्या पाइपचं तोंड खालच्याच्या आत बसलं पाहिजे. तू खालचा वरच्यात घातलायस. धूर वर जातो एवढं शाळेत शिकवलं असेल. त्या धुराचं डांबर खाली उतरतं, ते शिकवायच्या दिवशी तू गैरहजर होतीस."

"त्या वर्षी मी शाळेतच नव्हते."

"वाटलंच. ते डांबर सांध्यातून बाहेर झिरपतं, वाळतं, आणि एक दिवस पेट घेतं. मग मर्लला वृद्धनिवासाची गरजच उरणार नाही."

मर्ल स्वयंपाकघरातून ओरडली, "मला ऐकू येतंय हं!"

"तुला ऐकू यावं म्हणूनच बोललो!"

वर्तमानपत्रांचा ढीगही पाहिला त्याने. म्हणे, घराच्या पोटात काडेपेटी घेऊन साठ वर्षं झोपलात. जाताना म्हणाला, "मी सही लोकांसाठी करत नाही. स्वतःच्या झोपेसाठी करतो. माझी झोप मोडायची नाही."

२१ मे, बुधवार

कमाल झाली — काम पुढे गेलं! लाकडी पट्ट्यांवर न जळणारे बोर्ड. बोर्डामागे हवा खेळायला बोटभर फट. पाइप सुलटे, सांध्यांना भट्टीचं सिमेंट. छपरातल्या भोकाभोवती पत्र्याची झालर, पाणी येऊ नये म्हणून. पुढची फरशी काळ्या टाइल्सची, निखारा उडाला तरी टाइलवरच पडेल इतकी रुंद.

शेगडीबरोबर आलेली पुस्तिका तीनदा वाचली. आयुष्यात एखादं पुस्तक तीनदा वाचलं ते हे.

तोडणी धरून या खोऱ्यात सहा आठवडे झाले. माझा विक्रम. बॅग भरायची आठवणसुद्धा झाली नाही.

२५ मे, रविवार

आज फळी बघितली.

मर्लच्या नवऱ्याने, अर्नने, एकतीस वर्षांपूर्वी नदीतून ओढून काढलेला ह्युऑन पाइनचा, इथल्या दुर्मीळ लाकडाचा, ओंडका. त्याची एकच फळी, माझ्याहून लांब, लोण्याच्या रंगाची. शेडमध्ये गोधडीत गुंडाळून ठेवलेली. या खोऱ्यात प्रत्येक घरी असा एक तुकडा असतो आणि प्रत्येकजण तो "काहीतरी खास" करण्यासाठी राखून ठेवतो. खास काही कधी होत नाही. माणसं मरतात, फळ्या राहतात.

मर्लने गोधडी काढली तशी मीही वाकून वास घेतला. गोड, तेलकट, थोडा मसालेदार. "तेल असतं त्यात," मर्ल म्हणाली, "हजार वर्षं कुजत नाही. अर्न म्हणायचा, शेगडीच्या माथ्यावर लावीन. राहूनच गेलं. आता लावायची."

माथ्यावर, म्हणजे शेगडीच्या वर हातभर. तिला तिथे अर्नचा फोटो ठेवायचाय, खुर्चीतून दिसेल असा.

पुस्तिका, पान अकरा — जळणारं काहीही शेगडीच्या वर निदान सहाशे मिलिमीटर. मी टेप लावली. त्या उंचीवर फोटो मर्लला खुर्चीतून दिसणार नाही. बघायला दरवेळी उठावं लागेल.

२८ मे, बुधवार

भांडण.

नेव — "सहाशे म्हणजे सहाशे. नाहीतर सही नाही."

मर्ल — "अर्न असता तर हातभरच अंतरावर लावली असती."

नेव — "लावली असती. आणि मीच त्याला शिव्या घालून उतरवायला लावली असती. तुझा नवरा सुतार चांगला होता गं, पण आगीच्या बाबतीत गाढव."

मर्ल — "निघ माझ्या घरातून."

नेव — "चहा संपवून जातो."

संपवला. जाताना मला बजावलं, "लाँसेस्टनला जातोय, दहा दिवस. मी येईपर्यंत काडीसुद्धा ओढायची नाही."

३१ मे, शनिवार

मर्लने मला दुकानात पाठवलं — दूध, बटाटे. वाटेत ओढ्याकाठी एक एकिडना, साळिंदरासारखा काटेरी, मुंग्या उकरत होता. त्याचं उकरणं बघत बसले. तास? दोन?

परत आले तर अंगणात तीन गाड्या. गावच्या हॉलमागच्या सुतारशेडमधले पाच म्हातारे आले होते! फळी माथ्यावर. हातभर अंतरावर. सुरेख घासलेली, चार बोल्टांनी पक्की, पातळीला अगदी तंतोतंत. पाचही जण टोप्या काढून तिच्याकडे बघत उभे. एकेकाने अंगठा फिरवला, एकेकाने वास घेतला. "अर्नला बरं वाटलं असतं," एकजण म्हणाला.

पाच सुतार. सगळ्यांच्या खिशात टेप. शेगडीपासून मोजलं कुणीच नाही!

मी म्हटलं, "हे उतरवावं लागेल."

"देवळातून मूर्ती उतरवायला सांगतेय पोरगी," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

मीही हसले. बटाटे आत ठेवले. बोल्टांना हात लावला नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

२ जून, सोमवार

सकाळी सरपण आणायला मागे गेले. परत येताना अंगणातच वास आला — इतका सुंदर वास की दोन मिनिटं मी तिथेच उभी राहिले, डोळे मिटून! मग कळलं वास कशाचा ते.

मर्लने शेगडी पेटवली होती. छोटी नाही, भरगच्च. खिडक्या बंद. ती खुर्चीत, शाल घेऊन, चेहरा लाल. "बघ ना गं, अर्न घरात आल्यासारखं वाटतंय."

फळीच्या खालच्या बाजूला घामासारखे थेंब. तेल. फळीखाली हात धरून सेकंद मोजले — एक, दोन — तीन म्हणवेना. मधला पट्टा लोणी सोडून चहासारखा झाला होता.

खिडक्या उघडल्या. शेगडीची हवा बंद केली. पाणी ओतायचं नाही, पान सोळा, लोखंड तडकतं. मर्लला उचलून, हो, उचलून, व्हरांड्यात बसवलं. ती ओरडत होती, "माझं घर आहे!" आणि खोकत होती. मग आत येऊन आग विझेपर्यंत फळीकडे बघत उभी राहिले. नंतर चारही बोल्ट काढले. एकटीने. बोटाला फोड आलाय.

फळी खाली ठेवली तेव्हा मर्ल दारात. खालचा काळवंडलेला भाग दिसला तिला. बराच वेळ त्यावर हात ठेवून उभी होती.

माझ्याशी बोलली नाही.

४ जून, बुधवार

अजून नाही. जेवण मात्र ताटात वाढलेलं असतं.

५ जून, गुरुवार

बोलली! "त्या फळीचा बाक कर. पलीकडच्या भिंतीला. लोकांना वासच घ्यायचाय ना, बसून घ्या म्हणावं."

अर्नचा फोटो मी समोरच्या खिडकीत ठेवला. खुर्चीतून दिसतो. इतकी साधी गोष्ट कुणालाच सुचली नव्हती, पुस्तिकेलाही नाही.

७ जून, शनिवार

नेवने सगळं मोजलं. फरशी, भिंत, पाइप, छपरावरची टोपी. छपरावर स्वतः चढला, मी शिडी धरली आणि प्रार्थना केली. मग धुराचा अलार्म वाजवून बघितला. तो मात्र दोन्ही कानांनी ऐकू आला.

तीन वेळा लहान आग, खिडक्या उघड्या, शेगडीचा नवा रंग भाजून पक्का होईपर्यंत. चौथ्यांदा खरी.

सही झाली! मर्लने कागदाचा फोटो ग्लेंडाला पाठवला आणि राणीसारखी बसली. "आता बघू कोण हलवतं मला."

नेव मला म्हणाला, "पोरी, या हिवाळ्यात खोऱ्यात अजून चार शेगड्या आहेत." मी हो म्हणून बसले! स्वतःच दचकले.

ग्लेंडाचं उत्तर एका शब्दाचं — "येते."

९ जून, सोमवार

ग्लेंडा आली. चार बॅगा, टोपलीत मांजर. शेगडीकडे बघितलंही नाही. नवरा फेब्रुवारीतच सोडून गेला. आईला सांगितलं नव्हतं. दारातच रडायला लागली — "थंडीबिंडी काही नाही गं, मला तू जवळ हवी होतीस."

मर्लने तिच्या हातातली मांजराची टोपली घेतली. मग म्हणाली, "एवढंच सांगायचं होतंस ना. त्याच दिवशी आले असते."